बंद पडलेली घंटागाडी आणि गावचा उकिरडा

प्रश्न बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका महिला ओक्कूटच्या, म्हणजे बायकांच्या बचत संघांच्या महासंघाच्या, अध्यक्षांचा आहे. थोडक्यात असा: पंचायतीनं घंटागाडी दिली, शेड बांधलं, संघातल्या दोघींना गाडी चालवायला शिकवलं. चार महिने गाडी फिरली. मग लोकांनी महिन्याचे तीस रुपये द्यायचं थांबवलं, शेडला वास सुटला म्हणून शेजारच्या शेतकऱ्यानं तक्रार केली, त्यातच पीडीओ, म्हणजे पंचायत विकास अधिकारी, बदलून गेले. आता गाडी शेडमध्ये उभी आहे. पुन्हा सुरू करायची तर कुठून करावी?

ताई, तुम्ही बरंच लिहिलंय, पण 'शेडला वास सुटला' एवढंच मला पुरलं. सुक्या कचऱ्याला वास येत नाही. शेडला वास आला म्हणजे गाडीत शिळा भात, भाजीची देठं, मासळी धुतलेलं पाणी असं सगळं येत होतं. ते पोत्यात कुजलं, त्यात कागद भिजला, भंगारवाल्यानं नाक मुरडलं आणि बायका कामाला यायच्या थांबल्या. पैशाचं भांडण त्यानंतरचं. माझ्या पहिल्या गावातही नेमकं असंच झालं होतं, म्हणून इतक्या खात्रीनं सांगते.

खेड्यातल्या गाडीनं ओला कचरा उचलायचाच नाही. प्रशिक्षणात तुम्हाला 'हिरवा डबा, निळा डबा' शिकवलं असेल, गाडीलाही दोन कप्पे असतील. ते विसरा. शहरातल्या फ्लॅटवाल्याला परसू नाही, गोठा नाही, त्याचा ओला कचरा कुणीतरी न्यावाच लागतो. बेळगाव शहराला कचरा न्यायला तुरमुरीचा डेपो आहे. तुमच्या पंचायतीला तुरमुरी नाही आणि नसलेलीच बरी.

आपल्याकडं उकिरडा आहे. शेण, गोठ्यातला चोथा, चुलीतली राख, केर, भाजीची सालं असं सगळं वर्षभर त्यात पडतं आणि मृगाच्या आधी ट्रॉली भरून शेतात जातं. ही व्यवस्था कुणी योजना म्हणून आणली नाही आणि तिला आजवर निधी लागला नाही. बिघडली ती गेल्या पंचवीस-तीस वर्षांत, आणि बिघडवली प्लास्टिकनं. रताळ्याचा वरंबा उकरताना गुटख्याची पुडी निघते, भाताची लावण करताना चिखलात पायाला काच लागते, नांगराच्या फाळाला साडीचं वेष्टण गुंडाळून येतं. हे तुमच्या गावात प्रत्येकानं बघितलेलं आहे.

म्हणून घरोघरी जाऊन 'ओला-सुका वेगळा करा' असं म्हणू नका. ते सरकारी वाटतं आणि ऐकणारा मान डोलावून विसरतो. त्याऐवजी म्हणा, 'उकिरड्यात प्लास्टिक आणि काच टाकू नका, ती आम्हाला द्या.' शेतकऱ्याला हे लगेच कळतं, कारण ते त्याच्या खताबद्दल आहे.

उकिरडा नसलेली घरं थोडी असतात. रस्त्याकडेचे नवे प्लॉट, भाडेकरू, हॉटेल, चिकनचं दुकान. त्यांचा वेगळा विचार करावा लागतो. प्लॉटवाल्यांना शेजारच्या एखाद्या गोठेवाल्याशी जोडून द्या, त्याला खत होतं आणि यांचा डबा रिकामा होतो. ते जमत नसेल तर नाडेप. पुसदच्या नारायण देवताव पांढरीपांडे यांनी ही पद्धत बसवली, त्यांच्याच नावाची आद्याक्षरं तिला आहेत. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच, भिंतीत भोकं ठेवलेलं विटांचं टाकं. पाला, शेणकाला आणि माती थराथरानं भरली की तीन-चार महिन्यांत खत. रोजगार हमीतून, म्हणजे आपल्याकडच्या उद्योग खात्रीतून, ते बांधता येतं. फक्त एक ध्यानात ठेवा. जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात पावसाळ्यात उघड्या टाक्याचं तळं होतं आणि खताचा काढा वाहून जातो. उंचवट्यावर बांधा आणि वर पत्रा नाहीतर निदान भाताच्या पेंढ्याचं छप्पर घाला. आराखड्यात छप्पर नसतं, ते तुम्हीच मागून घ्यायचं.

आता गाडी. ती लगेच बाहेर काढू नका. आधी एक आठवडा वीस घरं निवडा, प्रत्येक गल्लीतली थोडी. प्रत्येकाला एक रिकामं पोतं द्या, खताचं चालेल, पण धुतलेलं. आठवड्यानंतर ती वीस पोती देवळासमोर ताडपत्रीवर ओता आणि सगळ्यांसमोर वेगळी करून वजन करा. भाषणापेक्षा याचा उपयोग जास्त होतो. आम्ही हे केलं तेव्हा दुधाच्या पिशव्यांचा ढीग सगळ्यांत मोठा असेल असं मला वाटलं होतं. निघाला गुटख्याच्या पुड्यांचा आणि नव्वद मिलीच्या दारूच्या टेट्रा पॅकचा. कट्ट्यावरची पुरुषमंडळी एकेक करून कामं आठवल्यासारखी उठून गेली. एक म्हातारी मात्र शेवटपर्यंत बसली. म्हणाली, "आता कळालं की वो, पैसं कुठं जातात ते." त्या दिवसानंतर आम्हाला त्या गल्लीत पोत्यांसाठी फिरावं लागलं नाही.

त्या वजनावरून तुमचा हिशेब बसवा, माझ्या किंवा दुसऱ्या कुणाच्या आकड्यांवरून नको. तरी रीत दाखवण्यापुरतं एक उदाहरण धरू. चारशे घरं. आठवड्यातून दोन दिवस गाडी, एका दिवशी दोनशे घरं, म्हणजे प्रत्येक दारी आठवड्यातून एकदा. सुका कचरा रोज न्यायची गरज नसते, पोतं दारामागं पडून राहिलं तरी काही होत नाही. महिन्याचे नऊ दिवस, तीन बायका, चारशे रुपये रोज धरला तर १०,८०० रुपये. डिझेल २,७००. हातमोजे, पोती, पंक्चर, किरकोळ दुरुस्ती १,५००. एकूण १५,०००.

जमा बाजू बघा. घरटी तीस रुपये सगळ्यांनी दिले तर १२,०००. पण पहिल्या वर्षी निम्मे देतील असंच धरा, म्हणजे ६,०००. घरामागं आठवड्याला अर्धा किलो सुका कचरा धरला तर महिन्याला ८०० किलो. त्यातला निम्मा विकण्यासारखा, सरासरी दहा रुपये किलो, म्हणजे ४,०००. पाच हजारांची तूट राहिली.

ही तूट तुमचं अपयश नव्हे, हे ओक्कूटच्या बैठकीत पहिल्याच दिवशी सांगून टाका. 'कचऱ्यातून सोनं' असं सांगून बायकांना या कामात ओढणारे लोक मला आवडत नाहीत. सहा महिन्यांनी सोनं दिसलं नाही की त्या घरी बसतात आणि दोष त्यांच्याच माथी येतो. गटार काढायला किंवा दिवाबत्तीला पंचायत खर्च करते, तेव्हा दिव्यानं किती कमाई केली असं कुणी विचारत नाही. कचऱ्याचंही तसंच आहे.

तूट भरायला पंचायतीकडं वाटा असतात. स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात, म्हणजे २०२० नंतर, पाच हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावाला घनकचऱ्यासाठी माणशी ६० रुपये आणि त्याहून मोठ्या गावाला माणशी ४५ रुपये धरलेले होते. दोन हजार वस्तीच्या गावाला एक लाख वीस हजार होतात. पण तो पैसा एकदाच मिळणारा, बांधकाम आणि सामानासाठीचा. त्यातून शेड होतं, रोजचं डिझेल होत नाही. रोजच्या खर्चासाठी वित्त आयोगाच्या अनुदानाकडं बघा. पंधराव्या आयोगाच्या पैशातला साठ टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधलेला होता. पंचायतीच्या वार्षिक आराखड्यात 'घनकचरा गाडीचा चालू खर्च' अशी ओळ घालून घ्या. ओळ असली की नवा पीडीओ आला तरी खर्च होतो. आराखड्यात ती नसली की आधीच्या साहेबांनी काय कबूल केलं होतं हे सांगत तुम्ही वर्षभर हेलपाटे घालता.

ग्रामसभेचा ठराव आणि पंचायत-ओक्कूट करार या दोन्हींच्या प्रती तुमच्याकडं ठेवा. कागद कन्नडमध्ये असतो. संघातल्या कन्नड शाळेत शिकलेल्या एखाद्या मुलीकडून तो शब्दन् शब्द वाचून घ्या आणि मगच सही करा. मी एकदा न वाचता सही केली. गाडीची दुरुस्ती ओक्कूटच्या गळ्यात आहे हे मला क्लच प्लेट गेल्यावर समजलं.

कन्नडवरून आठवलं. गाडीवरचं गाणं बहुधा 'हसी कस, ओण कस', म्हणजे ओला कचरा, सुका कचरा, असं वाजत असेल. आमच्याकडच्या एका आजीला वाटायचं, गाडी रोज कुणाला तरी हसत जाते. शेवटी आम्ही पेनड्राइव्हमध्ये काकड आरतीचा एक अभंग भरला आणि पुढं बुधवार-शनिवार सुक्याची गाडी आहे एवढं एक वाक्य मराठीत आणि एक कन्नडमध्ये. अभंग ऐकू आला की पोती बाहेर यायला लागली.

दिवस आणि वेळ मात्र मोडू देऊ नका. गाडी दोनदा चुकली की तिसऱ्यांदा पोतं ओढ्यात जातं. गाडी बंद पडली तर बैलगाडी न्या, डोक्यावर न्या, पण त्या दिवशी जा.

गोळा झाल्यावर शेडमध्ये वर्गवारी. दहा-बारा प्रकार शिकवतात, सुरुवातीला पाच पुरेत. पुठ्ठा आणि कागद एका पोत्यात. पाण्याच्या-कोल्ड्रिंकच्या बाटल्या झाकण काढून, चेपून दुसऱ्यात. दुधाच्या आणि तसल्या मऊ पिशव्या धुऊन, वाळवून तिसऱ्यात. त्या धुतलेल्या असल्या तर दर वाढतो, म्हणून बायकांना सांगा की दूध ओतल्यावर त्याच पिशवीत थोडं पाणी घालून ते चहात ओता. तसं बऱ्याच जणी करतातच. चौथ्यात लोखंड, पत्रा, काच. पाचवं पोतं सगळ्यांत मोठं, कुणीही विकत न घेणाऱ्या मालाचं: वेफरच्या पिशव्या, शाम्पूच्या पुड्या, गुटखा. त्यात प्लास्टिक आणि चकाकीचा थर एकमेकांना चिकटवलेला असतो, तो सुटा होत नाही. हा माल शेवटी सिमेंट कारखान्याच्या भट्टीत जाळायला जातो. तिथं १४०० अंशांच्या आसपास उष्णता असते, तुमच्या चुलीत तेवढी नसते. तो कोरडा साठवा आणि तालुका पातळीवरून न्यायची गाडी मागत राहा. उडुपी जिल्ह्यातल्या निट्टे इथं अनेक पंचायतींचा सुका कचरा एकत्र आणून वेगळा करायचं केंद्र उभं राहिलं, तसं प्रत्येक तालुक्याला हवं. एकट्या पंचायतीला गठ्ठे बांधायचं यंत्र परवडत नाही आणि सुट्या प्लास्टिकनं छोटा हत्ती भरला तरी वजन होत नाही, नुसतं भाडं पडतं.

सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून, त्यावर लाल खूण करून, वेगळ्या डब्यात. बल्ब, सेल आणि औषधांच्या बाटल्या महिन्यातून एकदाच. शेतातल्या कीटकनाशकाच्या बाटल्या गाडीत घेऊ नका, त्या हाताळण्याचं काम तुमच्या बायकांचं नाही.

भंगारवाल्याला शत्रू करू नका. तो गावात तुमच्या आधीपासून येतोय. लोखंड, तांबं, बिअरच्या बाटल्या लोक त्यालाच देणार, देऊ द्या. आमची चूक अशी झाली की त्याला गावबंदी केली आणि दर वाढतील म्हणून चार महिने माल साठवला. जुलैत पुठ्ठा ओल धरून बसला, ढिगात घोणस निघाली, शेवटी सगळं फुकट उचलून न्या म्हणून त्याच्याच हातापाया पडलो. आता महिन्याच्या महिन्याला विकतो. दोघा-तिघांकडून दर विचारतो, वजन आमच्या काट्यावर करतो.

जाळण्याबद्दल. गावात प्लास्टिक सगळ्यांत जास्त कुठं जळतं माहीत आहे? न्हाणीच्या चुलीत. पावसाळ्यात लाकडं ओली, सकाळी अंघोळीचं पाणी तापवायचं, मग दुधाची पिशवी पेटवून सरपणाखाली सारायची. धूर बाईच्या आणि पाठीवरच्या लेकराच्या नाकात. 'जाळू नका' म्हणून काही होत नाही, पेटवायला दुसरं काहीतरी द्यावं लागतं. आम्ही उन्हाळ्यात नारळाची किशी आणि शेणीचा भुगा डब्यात भरून ठेवायला लावला. ज्या घरांनी ठेवला, त्यांच्या पोत्यात पावसाळ्यातही पिशव्या येत राहिल्या. त्यावरूनच कळतं कोण जाळतंय ते.

आता यात्रा. वर्षभर नीट चाललेलं काम यात्रेच्या आठवड्यात मोडतं, म्हणून याबद्दल जरा जास्त लिहिते. महालक्ष्मीची यात्रा गावात बऱ्याच वर्षांनी येते आणि आली की घरटी शंभर-शंभर पाहुणे. मटणाच्या जेवणावळी, कागदी म्हणून विकत आणलेली ताटं, छोट्या पाण्याच्या बाटल्या. त्या ताटांवर आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो. उकिरड्यात कुजत नाहीत, रस्सा लागलेली असल्यानं भंगारवाला घेत नाही आणि कुत्री ती हाडांसकट गावभर ओढून नेतात. प्लास्टिकची ताटं, पेले, चमचे आणि थर्माकोलची सजावट १ जुलै २०२२ पासून देशभर बंद आहेत. कर्नाटकात पिशव्यांवर तर मार्च २०१६ पासूनच बंदी आहे. पण यात्रेच्या दिवशी दारोदारी जाऊन दंड कोण करणार? पाहुण्यांसमोर कुणाचा अपमान करून गावात काम करता येत नाही.

आपल्या गावांत पूर्वी देवस्थानाची भांडी असत. लग्न असलं की हंडे, पराती, पितळी ताटं देवळातून आणायची, घासून परत द्यायची. तेच पुन्हा करा. ओक्कूटच्या पैशातून स्टीलची पाचशे ताटं, वाट्या आणि पेले घ्या. प्रत्येकावर नाव घालून घ्या. हे टाळू नका. नाव नसलेली वाटी यात्रेतून पाहुण्याच्या पिशवीतून चंदगडपर्यंत जाते, आणि त्यात चोरी काही नसते, घाईत आपलीच समजून नेलेली असते. मोजून द्या, मोजून घ्या, हरवलेल्याची किंमत अनामतीतून कापा. भाडं इतकं ठेवा की ते कागदी ताटाच्या निम्म्यात पडेल. भांडी घासायला संघातल्या बायका लागतात आणि त्यांना रोज मिळतो. खरकटं जनावरांना, उकिरड्याला किंवा खड्ड्यात. जिथं पाचशे ताटं पुरत नाहीत तिथं पळसाच्या पत्रावळी मागवा, त्या सरळ उकिरड्यात जातात. पाण्याला बाटल्यांऐवजी गल्लीगल्लीत रांजण. मातीची भांडी खानापुरात अजून होतात, गावचं माप द्या आणि करून घ्या.

यात्रा कमिटी हे ऐकेल का? कमिटीतले पुरुष आधी हसतील. त्यांना जेवणावळीच्या ताटांचा खर्च लिहून दाखवा, आवाज न चढवता. आमच्याकडं खजिनदारानं तो कागद दोनदा वाचला आणि खिशात ठेवला. त्यानंतर त्यानंच विषय मांडला.

सीमेवरच्या गावांची एक वेगळीच अडचण असते. हद्दीच्या दगडापाशी ढीग साचतो. अलीकडचे म्हणतात पलीकडच्यांनी टाकला, पलीकडचे म्हणतात अलीकडच्यांनी, आणि दोन्ही राज्यांच्या कागदांत ती जागा शेवटचीच असते. यावर मला चाललेला उपाय एकच: दोन्ही गावच्या महिला संघांनी एक दिवस ठरवून तो ढीग मिळून उचलायचा आणि त्या जागी काहीतरी लावायचं, झाड किंवा बाक. नातीगोती दोन्हीकडं असतातच, सोयरिकीच्या घरासमोर कुणी कचरा टाकत नाही. पाट्या लावून मात्र काही झालं नाही, पाटीखालीच ढीग वाढला.

शेवटी कामाच्या माणसांबद्दल. गावात हे काम कुणाच्या वाट्याला ढकललं जातं हे तुम्हाला मी सांगायला नको. गाडीवरच्या तिघी एकाच गल्लीतल्या असतील तर गाव त्यांच्याकडं कामगार म्हणून बघणार नाही, जुन्याच नजरेनं बघेल. म्हणून वर्गवारीच्या दिवशी ओक्कूटच्या प्रत्येक संघातली एक जण आलीच पाहिजे असा नियम करा, अध्यक्षांसकट. हातमोजे, चिमटा, बूट आणि धनुर्वाताचं इंजेक्शन, हे सगळं घरटी तीस रुपये जमायच्या आधी द्या. पगार महिन्याच्या ठरलेल्या तारखेला, पंचायतीकडून पैसे आले नसले तर ओक्कूटच्या बचतीतून उसने काढून. पगार दोन महिने थकला तर गाडी पुन्हा शेडमध्येच जाणार.

शेजारच्या शेतकऱ्याकडं गाडी काढायच्या आधीच जा. त्याला शेड धुऊन दाखवा, यापुढं ओलं काही येणार नाही हे सांगा, आणि आलं तर फोन करायला तुमचा नंबर द्या. आणि ताई, गाडी इतके महिने उभी आहे म्हणजे बॅटरी उतरलेलीच असणार. पोती धुवायला घ्यायच्या दिवशीच ती काढून चार्जिंगला पाठवा, आणि तो खर्च कराराप्रमाणे कुणाचा आहे हे आधी वाचून बघा.